पिओनी: थंडी हवीच, आणि धीरही

शिशिरवेल
पिओनी या फुलझाडाबद्दल नेहमी विचारलं जातं, "एवढ्या थंडीत जगेल का?" मला हा प्रश्न उलटा करावासा वाटतो. एवढी थंडी मिळाली नाही तर ती फुलेल का?

हिवाळ्यात वाफ्याकडे बघितलं तर तिथे काही लावलंय असं वाटतसुद्धा नाही. दांडे शरदातच कापलेले, वर बर्फ नाहीतर नुसती काळी माती. पण मातीखाली मुळांचा जाडजूड गड्डा असतो आणि त्याच्या माथ्यावर गुलाबी-लाल डोळे, म्हणजे ज्यातून पुढे कोंब फुटतात ते. हे डोळे आदल्या उन्हाळ्यात, फुलं गळून गेल्यावर, पानांनी कमावलेल्या अन्नावर भरतात आणि शरदात झोपी जातात. मग त्यांना थंडीचा ठरावीक काळ काढावाच लागतो. ढोबळमानाने ५ अंश सेल्सिअसच्या खालचं तापमान ५०० ते १००० तास, जातीप्रमाणे कमी-जास्त. तेवढी थंडी भरली नाही तर नंतर कितीही ऊब मिळाली तरी डोळे नीट फुटत नाहीत. फुटलेच तर पानं येतात, कळी येत नाही. म्हणून उष्ण प्रदेशात हट्टाने पिओनी लावणाऱ्यांच्या पदरी बहुतेक वेळा निराशा येते, आणि जिथे पारा उणे ३५ पर्यंत उतरतो तिथे ती सुखाने नांदते. आपण बागेत लावतो त्यातल्या बहुतेक जाती पिओनिया लॅक्टिफ्लोरापासून आलेल्या आहेत, आणि तिचं मूळ ठिकाण म्हणजे पूर्व सायबेरिया, मंगोलिया, उत्तर चीन. थंडी हे तिचं माहेरच.

लावण्याबद्दल मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे, ती म्हणजे खोली. डोळ्यांवर दोन बोटं माती, बस. सेंटीमीटरमध्ये ३ ते ५. त्याहून खोल गेलात तर झाड मरत नाही, उलट छान पानं धरतं, आणि वर्षानुवर्षं फुलाशिवाय उभं राहतं. थंडीला घाबरून माणसं गड्डा खोल पुरतात, तिथेच घात होतो. लावायची वेळ शरद ऋतूची, जमीन गोठायच्या साधारण सहा आठवडे आधी, कारण बारीक पोषक मुळं त्याच काळात धरतात. लावायला गड्ड्याचा तुकडा ३ ते ५ डोळ्यांचा घ्यावा. जागा अशी हवी की दिवसाला किमान सहा तास ऊन मिळेल आणि पाणी साचणार नाही. थंडी सोसणारा हा गड्डा हिवाळ्यात पाण्यात राहिला तर मात्र कुजतो.

पहिल्या वर्षी फुलांची अपेक्षा ठेवू नका. दुसऱ्या वर्षी एखादं आलं तर आलं. तिसऱ्या वर्षापासून झाड आपलं रूप दाखवायला लागतं आणि पुढे पन्नास-पन्नास वर्षं एकाच जागी फुलत राहतं.

आता बऱ्याच ठिकाणी कोंब वर यायची वेळ झाली आहे, म्हणून हा धागा काढला. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे ते लिहा.

मृदगंध
अगदी वेळेवर धागा आला. माझं झाड जुनं आहे, पानं हिरवीगार, उंचीही चांगली. पण गेली काही वर्षं कळीच नाही. आधी फुलायचं. जागा बदललेली नाही. शेजारी मोठं झाड नाही, ऊन भरपूर आहे. खत दरवर्षी न चुकता घालते. काय बघू?

शिशिरवेल
मृदगंध, आधी हे सांगा की कळी अजिबात धरत नाही, की वाटाण्याएवढी होऊन सुकते? ही दोन दुखणी वेगळी आहेत.

कळी धरून सुकत असेल तर कारण त्याच वर्षीचं असतं. वसंतात पाणी कमी पडलं, उशिरा कडक गारठा आला किंवा बुरशी लागली.

कळीच नसेल तर कारण आदल्या वर्षीचं किंवा त्याहून जुनं. डोळे खोल गेलेत, सावली वाढली, पानं उन्हाळ्यात लवकर कापली गेली किंवा नायट्रोजन जास्त झाला. हिरवळीसाठी घातलेलं खत वाफ्यापर्यंत पोचलं तरी पिओनी पानांवर जाते. पानं कापण्याचं तर अनेकांच्या लक्षातच येत नाही. फुलं संपली की झाड अस्ताव्यस्त दिसतं, म्हणून कात्री चालवली जाते. पण पुढच्या वर्षीच्या कळ्या त्या पानांवरच बेतलेल्या असतात. पानं आपणहून पिवळी पडेपर्यंत त्यांना हात लावू नये.

तुमचं खत कुठलं आणि कुठे घालता, तेही लिहा.

मृदगंध
कळीच नाही. खत म्हणजे घरचं कंपोस्ट, शरदात झाडाच्या बुंध्यावर चांगला थर देते.

कुंपणकर
मग बुंध्याजवळची माती हाताने हलकेच बाजूला करून बघा. खुरपं नको, कोंब तुटतील. वर्षानुवर्षं कंपोस्टचे थर चढले की लावताना दोन बोटांवर असलेले डोळे हळूहळू वीतभर खाली जातात. झाड तिथेच असतं, जमीन वर येते. जुनं फुलणारं झाड फुलायचं थांबतं त्याचं हे फार नेहमीचं कारण आहे.

मृदगंध
बघते आणि सांगते. अंधार पडलाय आता.

कुंपणकर
तोवर उशिराच्या गारठ्याबद्दल लिहितो, कारण सध्या सगळ्यांचा जीव त्यातच अडकलेला असणार.

नुकते वर आलेले लालभडक कोंब बरेच काटक असतात. तो लाल रंग अँथोसायनिनचा. गारठ्यातल्या प्रखर उन्हापासून कोवळ्या पेशींचं रक्षण करायला तो उपयोगी पडतो असं मानलं जातं. शून्याच्या दोन-तीन अंश खाली गेलं तरी हे कोंब तग धरतात. सकाळी मान टाकून आडवे झालेले दिसले तर घाबरू नका, हात लावू नका, कोमट पाणी ओतू नका. ऊन चढलं की बहुतेक वेळा आपोआप सरळ होतात. गोठलेल्या अवस्थेत हाताळले तर मात्र मोडतात.

खरा धोका पुढे, कळी वाटाण्याएवढी झाल्यावर. तेव्हा कडक गारठ्याची एक रात्र आली तरी कळी आतून काळी पडते. बाहेरून काही दिवस समजत नाही, ती नुसती वाढायची थांबते. असा अंदाज असेल त्या संध्याकाळी झाडावर जुनी चादर किंवा पोतं टाका, कडा जमिनीपर्यंत आणा म्हणजे मातीची ऊब आत राहील, आणि सकाळी काढा. प्लास्टिक पानांना टेकलं तर तिथे जास्त इजा होते.

रानपाखरू
माझ्या कोंबांपैकी दोन काळे पडलेत. बाकीचे ठीक आहेत. हा गारठाच ना?

कुंपणकर
कुठून काळे पडलेत? शेंड्याकडून की बुडाकडून?

रानपाखरू
बुडाशी. जमिनीलगत मऊ झालेत आणि आडवे पडलेत.

कुंपणकर
मग ती बोट्रायटिस बुरशी असायची शक्यता जास्त. गारठा शेंड्यांवर आणि सगळ्या झाडावर एका रात्रीत दिसतो. बुरशी एखाद-दुसरा कोंब गाठते, बुडाशी काळी-तपकिरी पडते, आणि हवा दमट असेल तर त्यावर राखाडी लव दिसते. ते कोंब आजच जमिनीच्या जरा खालून कापा आणि कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. कात्री स्पिरिटने पुसा. बुंध्याजवळ ओला पाचोळा असेल तर उचला, वारा खेळू दे. पाणी पानांवर नको, मुळाशी आणि सकाळी.

आणि येत्या शरदात दांडे जमिनीलगत कापून सगळा पाला बाहेर काढा. ही बुरशी जुन्या दांड्यांवरच हिवाळा काढते. पिओनीची जी काही निगा आहे त्यात या एका साफसफाईला मी सगळ्यात वरचं स्थान देईन.

जास्वंदी
कुंपणकर, इथे एक मोठ्ठा इशारा जोडते. शरदात दांडे कापा हे फक्त दरवर्षी जमिनीपर्यंत वाळणाऱ्या साध्या पिओनीला लागू आहे. ट्री पिओनीला नाही! तिची खोडं लाकडी असतात, पुढच्या वर्षीच्या कळ्या त्या खोडांवरच असतात. ती कापली तर फुलं गेली.

खोलीचा नियमही तिथे बरोबर उलटा. ट्री पिओनी बहुधा साध्या पिओनीच्या मुळावर कलम केलेली मिळते. कलमाचा जोड मातीखाली १० ते १५ सेंटीमीटर जायला हवा, म्हणजे वरच्या फांदीला स्वतःची मुळं फुटतात आणि कालांतराने ती खालच्या मुळावर अवलंबून राहत नाही. दोन्ही झाडांना पिओनीच म्हणतात आणि सल्ले एकमेकांत मिसळतात, त्यामुळे घोटाळा होतो. बुडाशी साध्या पिओनीसारखी पानं असलेले वेगळेच कोंब फुटत असतील तर ते खालच्या मुळाचे असतात, ते काढून टाकावेत.

माझा जीव या ट्री पिओनीवर जरा जास्तच आहे. चीनमध्ये हिला मुदान म्हणतात. हनान प्रांतातलं लुओयांग शहर हजार वर्षांहून अधिक काळ हिच्यासाठी ओळखलं जातं. अकराव्या शतकात तिथल्या मुदानच्या जाती आणि त्यांची कलमं यांवर तपशीलवार लिहिलं गेलं होतं. कलमांचं हे तंत्र इतकं जुनं आहे हे कळल्यावर मला माझ्या कुंडीपुढे उभं राहून फार आनंद झाला होता.

फक्त कडक थंडीत ही साधीइतकी काटक नाही. उणे २५ च्या खाली जाणाऱ्या ठिकाणी खोडं वरून करपतात. तिथे वाऱ्यापासून आडोसा द्या.

निळीसावली
आच्छादनाबद्दल कुणीतरी नीट लिहा ना. मी दरवर्षी जाड पेंढा घालते. धाग्यावर वाचून आता शंका येतेय.

शिशिरवेल
माझं मत: आच्छादन पहिल्या हिवाळ्यापुरतं. नव्या तुकड्याची मुळं धरलेली नसतात. जमीन गोठते, वितळते, परत गोठते, आणि त्या हालचालीत गड्डा वर उचलला जातो. तो उघडा पडू नये म्हणून पेंढा किंवा सूचिपर्णी झाडांच्या फांद्या, तेही जमीन गोठल्यावर. जमलेल्या झाडाला गरज नाही. थंडी त्याच्यापर्यंत पोचायलाच हवी.

कुंपणकर
मी इथे थोडा असहमत आहे. जिथे बर्फ टिकून राहतो तिथे तुमचं पूर्ण बरोबर, कारण बर्फच सगळ्यात उत्तम पांघरूण आहे. पण काही ठिकाणी बर्फ पडत नाही आणि कोरडा वारा व उणे ३० असं दोन्ही असतं. तिथे जुन्या झाडालाही सूचिपर्णी फांद्यांचा हलका थर मी देतो. पेंढा नको, तो भिजून दाबून बसतो. आणि तो थर वेळेवर काढणं घालण्यापेक्षा महत्त्वाचं. कोंब आच्छादनाखाली वाढले तर पांढुरके, लांबट आणि नाजूक होतात, मग पहिल्याच गारठ्यात जातात. डोळे फुगलेले दिसले की काढा, एकदम नको, ढगाळ दिवस बघून.

शिशिरवेल
बर्फ नसलेल्या ठिकाणाचा मुद्दा मान्य. निळीसावली, तुमच्याकडे बर्फ टिकत असेल तर पेंढा बंद करा.

रानपाखरू
रोगट कोंब कापले, आभार. आता कळ्यांवरच्या मुंग्यांचं सांगा. मुंग्यांशिवाय कळी उमलत नाही असं ऐकत आलेय.

जास्वंदी
उमलते, अगदी व्यवस्थित. कळीच्या बाहेरच्या हिरव्या दलांवर मधुरस पाझरतो, मुंग्या त्यासाठी येतात. कळीला त्रास देत नाहीत. त्या बदल्यात इतर किड्यांना पळवून लावतात. तेव्हा फवारणी अजिबात नको. फूल घरात आणायचं असेल तर हलकेच झटका, जातात.

अनंतमूळ
हिमालयातल्या पिओनीचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून लिहितो. पिओनिया इमोडी. काश्मीरपासून उत्तराखंड-नेपाळपर्यंत पश्चिम हिमालयात, साधारण दोन-तीन हजार मीटर उंचीवर, जंगलाच्या कडेला वाढते. पांढरी, एकेरी पाकळ्यांची, मधे पिवळ्या केसरांचा झुबका. युनानी वैद्यकात 'ऊद सलीब' म्हणतात ते पिओनीचंच मूळ. औषधासाठी ही मुळं जंगलातून खणून काढली जातात, आणि मूळ खणलं की झाडच संपतं. बी पडून नवं झाड फुलायला कित्येक वर्षं लागतात, त्यामुळे हे नुकसान भरून येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. बागेसाठी कुणाला हवी असेल तर जंगलातलं मूळ विकत घेऊ नका, रोपवाटिकेत बियांपासून केलेलं रोप घ्या. वसंतात लवकर जागी होते, म्हणून उशिराच्या गारठ्यापासून जपावी लागते.

निळीसावली
बियांपासून किती वेळ लागतो? माझ्याकडे गेल्या शरदातल्या शेंगांमधलं काळं बी ठेवलेलं आहे.

अनंतमूळ
चार-पाच वर्षं तरी, कधी जास्त. बियाची झोप दुहेरी असते. आधी काही आठवडे ऊब हवी, तेव्हा फक्त मूळ फुटतं. मग थंडी हवी, त्यानंतर कोंब. म्हणून बाहेर पेरलेलं बी बऱ्याचदा पहिल्या वसंतात काहीच दाखवत नाही, दुसऱ्या वसंतात वर येतं. कुंडी रिकामी समजून माती फेकून देऊ नका! आणि संकरित झाडाच्या बियाचं रोप आईसारखं निघेलच असं नाही. आईसारखं हवं असेल तर गड्ड्याचा तुकडाच लावायचा. आज आपण 'फेस्टिव्हा मॅक्सिमा' लावतो ती जात १८५१ ची, 'सारा बर्नहार्ट' १९०६ ची. तुकड्यातून तुकडा होत तेच झाड आपल्यापर्यंत आलेलं आहे.

जास्वंदी
बियांच्या धीरावरून तोइची इटोंची गोष्ट सांगायलाच हवी. साधी पिओनी आणि ट्री पिओनी यांचा संकर होऊच शकत नाही असं मानलं जायचं. जपानमध्ये इटोंनी शेकडो प्रयत्न केले आणि १९४८ मध्ये त्यांना यश आलं. पांढऱ्या साध्या पिओनीवर पिवळ्या ट्री पिओनीचा पराग. बी रुजलं, रोपं वाढली, पण १९५६ मध्ये, एकही फूल दिसण्याआधी, इटो वारले. पुढे ती रोपं फुलली, खरोखर पिवळी. त्यातल्या चार जातींची नोंदणी अमेरिकेत १९७४ मध्ये झाली. आज या संकरांना त्यांच्याच नावाने 'इटो पिओनी' म्हणतात. 'बार्टझेला' ही पिवळी जात आज सगळीकडे दिसते, ती याच गटातली, रॉजर अँडरसन यांनी १९८६ मध्ये नोंदवलेली.

थंडीच्या ठिकाणी मी इटोची मनापासून शिफारस करते. साधीइतकी काटक, दांडे मजबूत, पावसात फुलं मातीला टेकत नाहीत. शरदात कापताना मात्र बुडाचं बोटभर लाकूड ठेवा, त्यावर कधी कधी डोळे असतात.

कुंपणकर
छान लिहिलंत. थंडीचा फायदा कसा होतो याचं एक उदाहरण माझ्याकडूनही. अलास्कात फेअरबँक्सच्या विद्यापीठात २००१ मध्ये पिओनीची चाचणी लागवड झाली. तिथे हिवाळा इतका लांबतो की फुलं जुलै-ऑगस्टमध्ये येतात, म्हणजे उत्तर गोलार्धातल्या बाकी बागा संपून गेल्यावर. त्या हंगामात दुसरीकडे पिओनी मिळतच नाही. त्यावर तिथे फुलशेतीचा मोठा व्यवसाय उभा राहिला. जी थंडी शेतीला अडचण वाटायची, तिच्यामुळेच हे जमलं.

मृदगंध
माती बाजूला करून बघितली. कुंपणकर, तुमचा अंदाज बरोबर. डोळे चांगले वीतभर खाली आहेत, वर सगळं कंपोस्टच. कोंब त्यातून वर येतायत. आता गड्डा उचलून परत लावू का?

कुंपणकर
आता नाही! कोंब निघालेत, आता मुळं तोडली तर झाड दोन-तीन वर्षं मागे जाईल. वरचा कंपोस्टचा थर काढता येईल तेवढा हाताने काढा. एकदम सगळा नको. कोंबाचा मातीतला भाग पांढरा आणि नाजूक असतो, तो उघड्यावर आला तर करपतो. थोडा थोडा काढा, काही दिवसांच्या अंतराने. डोळ्यांवर दोन-तीन बोटं माती राहिली की थांबा. वाफा खोलगट होत असेल तर एका बाजूने पाण्याला वाट काढून द्या.

शिशिरवेल
आणि एवढ्याने पुढच्या वर्षी कळ्या धरल्या तर गड्डा उचलायची गरजच नाही. नाही धरल्या तर शरदात उचला, जुना आहे तर तुकडेही करता येतील. प्रत्येकाला ३ ते ५ डोळे ठेवा. यापुढे कंपोस्ट बुंध्यावर नको, हातभर अंतरावर गोल आळं करून त्यात घाला. यंदा उन्हाळ्यात पानं सांभाळा, कोरड पडली तर आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्या. पुढच्या वर्षीचे डोळे तेव्हाच भरतात, आणि तेव्हा झाडाकडे कुणाचं लक्ष नसतं.

रानपाखरू
माझ्याकडे यंदा कळ्या दिसतायत! काही घरात फुलदाणीत आणायच्या आहेत. कधी कापू?

जास्वंदी
कळीला रंग दिसू लागला आणि चिमटीत दाबल्यावर ती कापसासारखी मऊ लागली की. कडक असताना कापली तर उमलत नाही. सकाळी लवकर कापा. झाडावर प्रत्येक दांड्याला निदान दोन-तीन पानं राहू द्या आणि एकूण फुलांच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घेऊ नका. झाड तीन वर्षांहून लहान असेल तर दांडे कापूच नका, फुलं झाडावरच बघा.

लगेच नको असतील तर पाण्यात न ठेवता, पानं काढून, कळ्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये आडव्या ठेवा. दोन-तीन आठवडे सहज टिकतात. शेजारी फळं नकोत, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीनने कळ्या बिघडतात. बाहेर काढल्यावर दांड्याचं टोक तिरकं कापून कोमट पाण्यात ठेवा, दिवसभरात उमलतात.

रानपाखरू
झाड दुसऱ्याच वर्षाचं आहे. मग नाही कापत, सगळी तिथेच राहू दे. आधार द्यायची कडी मात्र आजच लावते, कोंब अजून गुडघ्याच्या खाली आहेत तोवर.